रूक: गर्दीत संसार मांडणारे कावळे

काजवा

फेब्रुवारी सरत आला की इंग्लंडात झाडांना अजून पान नसतं, पहाटे गवत हिवाने पांढरं झालेलं असतं, आणि तरीही गावाबाहेरच्या उंच झाडांच्या शेंड्यांवर उजाडायच्या आधीपासून एकच गलका उठतो. हे रूक. आम्ही नॉरफकच्या ग्रामीण भागात राहतो. इथल्या सपाट शेतांमध्ये झाडांचा एखादा पुंजका आणि त्यात काळ्या घरट्यांची दाटी हे नेहमीचं दृश्य. आमच्या गावात सध्या याच झाडांवरून वाद चालू आहे. काही शेजाऱ्यांना आवाज आणि खाली पडणारी घाण नकोशी झाली आहे, फांद्या छाटाव्यात असं त्यांचं म्हणणं आहे. वाद कसा सुटेल तो सुटो, पण या पक्ष्यांचं वर्ष कसं जातं हे मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी ओळख. रूक कावळ्याच्याच कुळातला, आपल्या गावकावळ्याहून थोडा मोठा. काळाभोर, उन्हात जांभळी झाक मारणारा. मोठ्या पक्ष्याच्या चोचीच्या बुडाशी पिसं नसतात, तिथे पांढुरकी-करडी कातडी उघडी दिसते. मांड्यांवरची पिसं ढगळ विजारीसारखी लोंबतात. पहिल्या वर्षातल्या पिल्लांच्या तोंडावर मात्र पिसं असतात, त्यामुळे ती इथल्या दुसऱ्या कावळ्यासारखीच, म्हणजे कॅरियन क्रोसारखी, दिसतात आणि नवखा माणूस हमखास फसतो.

हंगाम खरा शरद ऋतूतच चालू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी सगळे आपापल्या काकागारात, म्हणजे घरट्यांच्या वसाहतीत, येतात, जुन्या घरट्यांपाशी बसतात, थोडं ओरडतात, एखादी काडी इकडची तिकडे करतात आणि चरायला निघून जातात. विणीशी याचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण घरटं कोणाचं हा हक्क सांगणं तेव्हापासूनच चाललेलं असतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधकाम. जुनं घरटं टिकलं असेल तर त्याचीच डागडुजी होते. नर काड्या आणतो, त्याही बहुतेक झाडावरच्या जिवंत डहाळ्या मोडून, आणि मादी त्या रचते. आतून गवत, शेवाळ, मुळं, पानं. दोघांपैकी एकाने घरट्यावर बसून राहावंच लागतं, कारण पाठ फिरली की शेजारी काड्या पळवतात. जुन्या जाणत्या जोड्या वसाहतीच्या मधोमध असतात. कडेला घर मांडू पाहणाऱ्या नव्या जोड्यांची घरटी तर अर्धी झाली की उचकटली जातात. मी हे मार्चभर बघते आणि दर वर्षी त्या नव्या जोड्यांसाठी जीव तुटतो.

अंडी मार्चच्या उत्तरार्धात. साधारण तीन ते पाच, निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. उबवते फक्त मादी, सोळा ते अठरा दिवस. या काळात ती घरटं जवळजवळ सोडतच नाही आणि तिचं पोट पूर्णपणे नराच्या भरवशावर असतं. रूकच्या जिभेखाली एक पिशवी असते. नर शेतातून ती गच्च भरून येतो, गळा फुगलेला लांबूनही दिसतो. तो दिसला की मादी पंख थरथरवत अगदी पिल्लासारखी ओरडते आणि तो तिला भरवतो. पिल्लं निघाल्यावर पहिले काही दिवस ती त्यांना ऊब देत बसते, म्हणजे एकटा नर सगळ्या कुटुंबाला पोसत असतो. त्यानंतर दोघंही चारा आणू लागतात.

इतक्या थंडीत ही घाई का? गांडुळांमुळे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन ओली असते, गांडुळं वर असतात, गवत आखूड असतं. रूकची लांब चोच तेव्हा सहज आत जाते. उन्हाळा चढला, माती कडक झाली की गांडुळं खोल जातात. त्यामुळे पिल्लांची सगळ्यात मोठी भूक ओल्या जमिनीच्या दिवसांत बसवावी लागते. एप्रिल कोरडा गेला तर घरट्यात उपासमार होते. मादी रोज एक अंडं घालते आणि सगळी घालून व्हायच्या आधीच उबवायला बसते, म्हणून पिल्लंही मागेपुढे निघतात. चारा कमी पडला की सगळ्यात धाकटं जातं. चार अंड्यांमधून शेवटी बहुधा एखाद-दोनच पिल्लं उडतात.

महिनाभराने पिल्लं घरट्याबाहेर येतात, पण उडत नाहीत. काही दिवस फांद्यांवर तोल सावरत बसतात, आईबाप तिथेच भरवतात. उडायला लागल्यावरही कित्येक आठवडे ती शेतात आईबापांच्या मागे मागे चोच वासून फिरतात. मग जूनमध्ये काकागार ओस पडतं.

मला यात सगळ्यात भावते ती जोडी. रूक थव्यात जगतो हे सगळ्यांना दिसतं, पण त्या थव्यात जोडी मोडत नाही, बहुधा जन्मभर टिकते. २००७ साली केंब्रिजच्या अभ्यासकांनी पाळलेल्या रूकांच्या भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याशी समेट करायला रूक जात नाही. तो आपल्या जोडीदाराजवळ जातो, आणि दोघं चोचीत चोच अडकवून बसतात. हिवाळ्यात हजारोंच्या थव्यातही दोघं शेजारी उतरतात, एकमेकांची पिसं साफ करतात. गलका ऐकून ज्यांना फक्त गोंधळ वाटतो त्यांनी दुर्बीण घेऊन अर्धा तास एकाच फांदीकडे बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दापोलीकर

काजवाताई, फार सुंदर लिहिलंत. आमच्याकडे कावळ्याची घाई उलट्या टोकाला असते. गावकावळा एप्रिल-मेपासून पावसाच्या तोंडावर घरटं करतो. आणि एका झाडावर एकच जोडी, फार तर दोन. शेजारच्या झाडावरचा कावळा जवळ आलेला चालत नाही.

कावळ्याच्या घरट्यावरून पावसाचा अंदाज बांधायची पद्धत आमच्या आजोबांच्या पिढीत पक्की होती. आंब्यावर, करंजावर घरटं झालं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर झालं तर ओढ. झाडाच्या पूर्वेला बांधलं तर उत्तम. मारुती चितमपल्लींनीही ही निरीक्षणं लिहून ठेवली आहेत, आणि तुम्ही वापरलेला 'काकागार' शब्दही त्यांचाच. रूकांवरून इंग्रज शेतकरी असं काही सांगतात का?

काजवा

दापोलीकर काका, सांगतात तर! रूकांनी उंच बांधलं तर उन्हाळा चांगला, खाली बांधलं तर पाऊसवारा. पण घरटी मुळात जुन्याच जागी पुन्हा पुन्हा होतात, त्यामुळे दर वर्षी उंची बदलायला फारसा वाव नसतो.

याहून जुनी समजूत वेगळी आहे. जमीनदाराच्या वाड्यातल्या रूकांनी झाडं सोडली तर त्या घराचा वंश बुडतो म्हणत. घरातला कर्ता माणूस गेला की झाडाखाली जाऊन रूकांना ते सांगायचं, नाहीतर ते निघून जातील, अशी रीत काही भागांत होती.

हिरवा_चाफा

एक प्रश्न. शेजारी काड्या चोरतात, घरटी उचकटतात. मग एकत्र राहायचंच कशाला? सुटं राहिलं तर काय बिघडतं?

गोदाकाठ

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लिहिते. कॅरियन क्रो सुटा राहतो, कारण तो आपल्या हद्दीत जे मिळेल त्यावर भागवतो आणि ती हद्द राखतो. रूकचं अन्न राखण्यासारखं नसतं. आज नांगरट झाली ते शेत, उद्या पाऊस पडून गांडुळं वर आली ते कुरण. अशा विखुरलेल्या, रोज जागा बदलणाऱ्या अन्नासाठी हद्द आखून उपयोग नाही. सगळे मिळून मध्यावर राहायचं आणि आजूबाजूच्या एक-दोन किलोमीटरमध्ये सामायिक चरायचं हे परवडतं. ज्याला चांगलं शेत सापडलं त्याच्या मागे बाकीचे जातात. ससाण्यासारखा शिकारी आला तर शेकडो डोळे आहेतच.

किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती फक्त काड्यांची नाही. मादी अंड्यांवर बसलेली आणि नर शेतात गेलेला असताना शेजारचे नर तिच्यावर जबरदस्ती करायला येतात. एक आला की आणखी चार झेपावतात. नर परत आला की त्यांना हाकलतो. म्हणून जोडीतल्या एकाचं घरट्यावर असणं आणि दुसऱ्याचं वेळेवर परतणं, दोन्ही सारखंच महत्त्वाचं. काजवाने जोडीबद्दल जे लिहिलंय त्याचा हा दुसरा पैलू. जोडी घट्ट आहे म्हणूनच एवढ्या दाटीत पिल्लं वाढतात.

हिरवा_चाफा

गोदाकाठ, आता कळलं. आपल्याकडे बगळे एकाच झाडावर वसाहत करतात, तेही असंच का?

गोदाकाठ

बरंचसं. त्यांचं अन्न पाणथळीत, तेही ठिकाण बदलणारं. फरक एवढा की रूकची जोडी वर्षभर एकत्र असते, बगळ्यांचं तसं नाही.

आबर्डीनकर

मी तेलाच्या नोकरीमुळे स्कॉटलंडच्या ईशान्येला आहे. हा तर रूकांचा मुलूख. आमच्याच परगण्यात टरिफजवळ हॅटन कॅसलच्या झाडांवर विसाव्या शतकाच्या मध्याला हजारो घरट्यांचं काकागार होतं, ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं म्हणून त्याची नोंद आहे. डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधारू लागतं तेव्हा शेतांवरून रूक आणि जॅकडॉ नावाचे छोटे कावळे मिसळून थव्याने रातथाऱ्याला जातात. पहिल्या हिवाळ्यात मी रस्त्यात गाडी थांबवून बघत उभा होतो. घरची आठवण येत होती, आणि संध्याकाळी कावळे परततात हे दृश्य तेवढं ओळखीचं होतं.

हिवाळी थाऱ्यावर अनेक काकागारांतले पक्षी एकत्र येतात ना?

काजवा

हो. दिवसा आपापल्या काकागाराच्या आसपास, रात्री मोठ्या सामायिक थाऱ्यावर. नॉरफकमध्ये येअर नदीच्या खोऱ्यात बकनम इथे असा थारा आहे. रूक आणि जॅकडॉ मिळून हजारोंनी येतात. सूर्य मावळल्यावर ते आधी शेतात उतरून गप्प बसतात, आणि पुरता अंधार पडला की एकदम उठून झाडांत शिरतात. हिवाळ्यात युरोपच्या पूर्वेकडचे रूकही पश्चिमेला सरकतात, त्यातले काही ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याला येतात. रशियात थंडीमुळे बहुतेक रूक निघून जातात, म्हणून तिथे मार्चमध्ये रूक परतणं ही वसंताची पहिली वर्दी. १७ मार्चचा संत गेरासिमचा दिवस तिथे रूकांच्या नावाने ओळखतात. सावरासोवचं १८७१ सालचं रूक परतल्याचं चित्र रशियात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. बर्फ, बर्चची वाकडी झाडं आणि वर घरटी, एवढंच आहे त्यात.

शिवारातला

मी सांगोल्याकडचा शेतकरी. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माणूस बसवावा लागतो, ते दुःख आम्हाला ठाऊक. तुमचे रूक पिकाचं काय करतात? तिथला शेतकरी त्यांना सुखाने राहू देतो का?

काजवा

शिवारातला भाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे. नुकसान करतात. पेरलेलं बी उकरतात, आडवं पडलेलं धान्य खातात. वैर जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये १४२४ साली कायदाच झाला: झाडावर रूकांनी घरटी केली आणि मालकाने पिल्लं उडून जाऊ दिली, तर ते झाड राजाचं. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३२ साली कावळे, रूक आणि चफ (त्यांच्याच कुळातला पक्षी) मारण्याचा कायदा केला, गावोगावी त्यासाठी जाळी ठेवायला लावली. पुढे रूकची शिकार हा खेळ झाला. १२ मेच्या सुमाराला पिल्लं फांद्यांवर येऊन बसतात आणि उडू शकत नाहीत. नेमकी तेव्हा त्यांना मारत. त्यांच्या छातीच्या मांसाचा पाय, म्हणजे भाजलेल्या पारीत भरलेला पदार्थ, खेड्यांत खाल्ला जाई. फांदीवर बसलेल्या पिल्लांना गोळी घालायची, हे मला वाचतानाही सहन होत नाही.

पण दुसरी बाजू शेतकऱ्यांनीच सांगितलेली आहे. क्रेन फ्लाय नावाच्या लांब पायांच्या माशीच्या अळ्या गवताची आणि धान्याची मुळं खातात. रूक त्या अळ्या, वायरवर्म आणि मातीतले इतर किडे मोठ्या संख्येने वेचतो. कोवळ्या पिकात चोच खुपसणारा रूक पुष्कळदा अळीसाठीच खुपसत असतो. आज १९८१ च्या वन्यजीव कायद्याने बांधकाम चाललेलं किंवा वापरातलं घरटं पाडता येत नाही. पिकाचं गंभीर नुकसान होत असेल तर परवान्याच्या अटींवर उपाय करता येतात. आवाजाचा त्रास हे कारण त्यासाठी चालत नाही.

शिवारातला

हे पटलं. आमच्याकडेही नांगरामागे बगळे आणि साळुंक्या चालतात, त्यांना कोणी हाकलत नाही. मोर मात्र भुईमूग ठेवत नाही, आणि त्याला हात लावता येत नाही. शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई वेळेत झाली तर पाखरांवरचा राग निम्मा होईल असं मला मनापासून वाटतं.

नर्मदातीर

मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट आपण सगळे पहिलीत शिकलो. ती खरी करून दाखवणारे पक्षी रूकच होते! २००९ साली केंब्रिजमध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी चार पाळलेल्या रूकांसमोर उभी पारदर्शक नळी ठेवली. आत थोडं पाणी आणि त्यावर तरंगती अळी, चोच पोचणार नाही इतकी खोल. शेजारी खडे. चारही रूकांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली, दोघांनी तर पहिल्याच खेपेला. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे निवडायलाही ते लवकर शिकले. विशेष म्हणजे रानातले रूक अवजारं वापरताना दिसत नाहीत.

गोदाकाठ

नर्मदातीर, छान आठवण केलीत. रानात गरजच पडत नाही त्यांना, चोच पुरते. मला वाटतं ही हुशारी मुळात काठी-दगडांसाठी नसून शेजाऱ्यांसाठी आहे. कोण कोणाचा जोडीदार, कोण काडी चोरतो, कोणाच्या मागे गेलं तर शेत सापडतं, हे लक्षात ठेवावं लागतं त्यांना.

लेस्टरची_लेक

इथे लेस्टरला पितृपक्षात आम्ही मागच्या अंगणात पान ठेवतो. सप्टेंबरात कधी जॅकडॉ येतो, कधी कॅरियन क्रो. सासूबाई आधी म्हणायच्या, हा आपला कावळा नव्हे. मागच्या काही वर्षांत तेही मागे पडलं. गेल्या वेळी गावाबाहेर मैत्रिणीकडे पान ठेवलं होतं, तिथे पांढऱ्या चोचीचे दोघे आले. आता कळतंय, ते रूक होते. दोघे एकदमच उतरले आणि एकाने दुसऱ्याला घास भरवला. सासूबाईंनी हात जोडले. भारतात रूक दिसतात का हो कुठे?

काजवा

काय सुरेख लिहिलंस गं. भारतात फार क्वचित, हिवाळ्यात काश्मीरच्या बाजूला. महाराष्ट्रात नाहीत.

दापोलीकर

आणखी एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालते. तिथल्या कोकिळेचा, म्हणजे कुकूचा, रूकला त्रास होतो का?

गोदाकाठ

नाही. ब्रिटनमधला कुकू लहान पक्ष्यांची घरटी निवडतो, म्हणजे बोरूत राहणारा वटवट्या, कुरणातली तीरचिमणी, कुंपणातला डनक. रूकच्या घरट्यात शत्रू आहे तो शेजारीच, आणि दुसरा म्हणजे कोरडा एप्रिल.

आबर्डीनकर

काजवाताई, झाडांच्या वादाचं पुढे काय झालं? आणि संख्या वाढतेय की घटतेय?

काजवा

छाटणी निदान विणीच्या हंगामात होणार नाही हे ठरलंय. पुढचं शरदात बघायचं. माझी काळजी वेगळी आहे. रूकांना उंच जुनी झाडं लागतात. आधी त्यांचं आवडतं झाड एल्म होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून डच एल्म रोगाची साथ आली आणि ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. पुष्कळ काकागारं त्याबरोबर गेली. रूक मग ॲश, बीच, सिकॅमोर, पाइनवर सरकले. बीटीओ या पक्षिसंस्थेने १९७५ आणि १९९६ साली देशभर घरटी मोजली, तेव्हा संख्या चांगली वाढलेली होती, म्हणजे तो धक्का त्यांनी पचवला. त्यानंतर मात्र घट होतेय, आणि २०२१ च्या यादीत रूकला अंबर गटात, म्हणजे काळजी घ्यावी अशा पक्ष्यांत टाकलं आहे. त्यातच २०१२ पासून ॲशवर बुरशीचा रोग पसरला. आमच्या गावातली निम्मी घरटी ॲशवर आहेत. झाडं पोखरून पडण्याआधी आज बीच किंवा ओक लावले तर ते घरट्याजोगे व्हायला पन्नास-साठ वर्षं जातील. म्हणून छाटणीच्या बैठकीत मी नवी झाडं लावायचा विषय काढला, आणि आवाजाची तक्रार करणाऱ्या एका बाईंनीच त्यासाठी जागा देऊ केली.

हिरवा_चाफा

वा! त्या बाईंना आमचा नमस्कार सांगा.

लेस्टरची_लेक

एक तातडीचं विचारते. मैत्रिणीच्या अंगणात आज वाऱ्याने एक पिल्लू खाली पडलंय. काळं, पिसं आलेली, शेपूट आखूड, उडता येत नाही. तिने खोक्यात ठेवलंय. काय करावं?

काजवा

पिसं आली असतील तर ते फांदीवर बसायच्या वयाचं आहे. खोक्यातून लगेच बाहेर काढायला सांग. पंख-पाय धड आहेत ना बघा, रक्त नाही ना बघा. धड असेल तर ज्या झाडावर घरटी आहेत त्याच झाडाच्या, हात पोचेल त्या उंच फांदीवर किंवा दाट झुडपावर ठेवा, आणि मांजर-कुत्रं घरात घ्या. माणसाच्या वासाने आईबाप टाकून देतात हे खरं नाही. दूध किंवा पाव अजिबात देऊ नका, तोंडात पाणीही ओतू नका. मग लांब जाऊन घरातून लक्ष ठेवा. मोठे रूक वर ओरडत असतील तर चांगली खूण. जखम असेल, किंवा दोनेक तासांत कोणीच फिरकलं नाही, तर जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा आणि तोवर हवा खेळेल अशा अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवा.

लेस्टरची_लेक

लगेच कळवलं. तिने हेजवर ठेवलंय. दोन मोठे वरच्या फांदीवर येऊन ओरडतायत.

काजवा

उत्तम. आता अंगणात कोणी जाऊ नका. संध्याकाळपर्यंत काय होतं ते इथेच लिही.